दोर वर!

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेच्या मैदानावरचे व्हॉलीबॉलचे दोन लोखंडी खांब बुडापासून कापले गेले. कोणी कापले ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि विचारायला गेलं तर कोणालाच ठाऊक नव्हतं. संस्थेचे चिटणीस म्हणाले, "गंजले होते हो, एखाद्या मुलीला लागलं असतं." ते गंजलेले खांब गणपतीच्या आसपास रंगवताना मी स्वतः पाहिले होते. पण चिटणीसांच्या शेजारी बसलेल्या टर्फवाल्या पाहुण्याच्या मोबाइलवर आमच्या मैदानाचं नवं चित्र होतं. हिरवंगार गवत, प्लास्टिकचं. चारी बाजूंनी जाळी, वर दिवे. आत तासाच्या भाड्याने क्रिकेट खेळणारी मंडळी दाखवली होती. मुली कुठेच नव्हत्या.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी सकाळी फिरायला निघाले की पाय आपोआप त्याच मैदानाकडे वळतात. खांब कापले गेले त्या सकाळी ते दोन बुंधे पाहिले आणि खरं सांगते, खांबांचा विचार मनात नंतर आला. पहिला विचार आला तो हा, की आता गांगुर्डे मॅडम काय करणार?

हा प्रश्न मी आयुष्यात पुष्कळ वेळा स्वतःला विचारला आहे. दर वेळी थोडं घाबरत, आणि दर वेळी मनातून खूश होत.

सुलोचना गांगुर्डे. भारताच्या ज्युनियर मुलींच्या संघाच्या कोच, पुढे एका परदेशी संघाच्या मुख्य कोच, आणि या सगळ्याच्या आधी, मधे आणि नंतर आमच्या पंचवटीतल्या शाळेच्या पी.टी.च्या बाई. लोकांना यातलं पहिलं आणि दुसरं सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात आणि तिसरं सांगितलं की परत लहान होतात. मॅडमना मात्र तिसऱ्याचाच तोरा जास्त होता.

आमची ओळख भांडणाने झाली. माझा वर्ग मैदानाच्या बाजूला. मी मुलांना खंड शिकवत होते आणि खिडकीतून मॅडमचा आवाज असा येत होता की आफ्रिका कुठे आणि आशिया कुठे, मला स्वतःलाच कळेना. शेवटी बाहेर जाऊन म्हटलं, "मॅडम, जरा हळू. मी भूगोल शिकवतेय."

"ओ भूगोल," त्या मागे न बघताच म्हणाल्या, "तुमचे खंड कुठे पळून चाललेत का? माझा चेंडू चाललाय."

तेव्हापासून मी 'भूगोल' झाले ती आजतागायत. सगळ्याच शिक्षकांना त्या विषयाच्या नावाने हाक मारत. मुख्याध्यापकांना 'ऑफिस' म्हणत, तेही तोंडावर. मुलींना मात्र पूर्ण नावाने, गावासकट. "हिरा भोये, सुरगाणा! गुडघे वाकव!" शिट्टी त्यांनी आयुष्यात गळ्यात घातली नाही. एकदा क्रीडा दिनाला कोणी तरी त्यांना चकचकीत शिट्टी भेट दिली, ती त्यांनी शाळेच्या शिपायाला देऊन टाकली. "पोरींना नावं आहेत की. शिट्टी कशाला मारायची?"

दिसायला उंच, काळ्यासावळ्या, हात लांबसडक. उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा वर. बारकाईने पाहिलं तरच कळायचं, पण शिंप्याला कळायचंच. "मॅडमचं ब्लाउज म्हणजे दोन मापं घ्यावी लागतात," असं तो म्हणायचा. शाळेत पी.टी.च्या बाईनेही साडीच नेसली पाहिजे असा त्या काळी दंडक होता. मॅडम साडी नेसत, पण खाली ट्रॅक पॅन्ट घालत. शाळा सुटल्याची घंटा झाली की साडी काढून घडी करून माझ्या टेबलावर ठेवत आणि म्हणत, "ही तुमच्या संस्थेची. सांभाळा."

त्या खांद्याची गोष्ट मला कळली ती मालेगावला जाणाऱ्या एसटीत. संघाबरोबर मॅनेजर म्हणून एक बाई पाठवायची होती आणि दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून माझी वर्णी लागली होती. व्हॉलीबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मुली मागच्या सीटवर गाण्यांच्या भेंड्या खेळत होत्या आणि मॅडम खिडकीशी बसून द्राक्षं खात होत्या. मी सहज विचारलं, "तुम्ही खेळायला कधी लागलात?"

"खेळायला उशिरा लागले," त्या म्हणाल्या. "आधी मी खांब होते."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण नाही.

नाशिकरोडच्या बाजूला त्यांची वसाहत. वडील गवंडी, सगळी वसाहत त्यांना दादा म्हणायची, म्हणून मुलंही दादाच म्हणत. दिवसभर दुसऱ्यांची घरं बांधून आले की दादा आणि त्यांचे साथीदार शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर शूटिंग खेळत. शूटिंग म्हणजे बंदुकीचं नव्हे. व्हॉलीबॉलचंच गावठी भावंड ते. मधे दोर, आणि आलेला चेंडू दोन्ही मुठी जोडून सरळ पलीकडे हाणायचा. एप्रिलातल्या जयंतीला तर आजूबाजूच्या वस्त्यांचे संघ येत, ढोल लागत, बक्षीस म्हणून भांडी असत.

आता दोर बांधायला खांब हवेत. दादांनी दोन वेळा बांबू गाडले आणि दोन्ही वेळा प्लॉटच्या मालकाने उपटून टाकले. त्याला भीती, की आज बांबू गाडतील, उद्या झोपडी टाकतील. तिसऱ्या वेळी दादा म्हणाले, "बांबू उपटतो ना? माणूस उपटून दाखव म्हणावं." आणि वसाहतीत रीत पडली. जो संघ हरेल त्यातल्या दोघांनी पुढच्या खेळाला खांब व्हायचं. दोन टोकांना उभं राहायचं आणि दोर हात वर करून ताणून धरायचा.

"मग तुम्ही कशा खांब झालात? तुम्ही तर हरला नव्हता," मी विचारलं.

"पोरींना खेळायला बंदी होती, भूगोल. खांब व्हायला नव्हती." त्यांनी द्राक्षाची काडी खिडकीतून टाकली. "हरलेल्या बाप्यांना खांब व्हायची लाज वाटायची. मी म्हटलं, मी होते. माझा हात पोचेना, तर दादांनी विटा रचून दिल्या. त्याच्यावर उभी राहायची. हात भरून यायचा, दोर खाली यायचा, की तिकडून दादा ओरडायचे, सुले, दोर वर!"

सगळी शाळकरी वर्षं त्या रोज संध्याकाळी विटांवर उभ्या राहिल्या. घरची मंडळी म्हणायची, पोरगी वेडी आहे, फुकट हात दुखवून घेते. पण खेळणाऱ्याला फक्त समोरची बाजू दिसते. खांबाला दोन्ही बाजू दिसतात. कोण घाबरलाय, कोण थकलाय, चेंडू यायच्या आधी कोणाचा पाय हलला, कोण नुसता जोर दाखवतोय. कॉलेजात पहिल्यांदा व्हॉलीबॉलच्या नेटसमोर उभं केलं तेव्हा त्यांना चेंडू कुठे पडणार ते आधीच कळायचं. तिथून विद्यापीठ, राज्य, देश. त्यात फार वेळ गेला नाही. "कारण मी आधीच शिकून बसले होते ना," त्या म्हणाल्या, जणू दुसऱ्या कोणाची हकिकत सांगावी तशा.

त्यांच्या शिकवण्याची पद्धत याच्यातूनच आली होती. कोणतीही नवी मुलगी आली, मग ती जिल्ह्यात खेळलेली असो नाहीतर कलेक्टरची भाची असो, मॅडम बांबूंना बांधलेलं नेट सोडवायच्या, दोराचं एक टोक तिच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "आधी खांब हो." चेंडूला हात लावायचा नाही. दोर ताणून धरायचा आणि बघायचं. मग संध्याकाळी मॅडम तिला विचारणार, "काय दिसलं?" "काही नाही" असं उत्तर आलं की दुसऱ्या दिवशी परत खांब. काही दिसलं असं ज्या दिवशी ती म्हणेल त्या दिवशी तिला चेंडू मिळे.

पालक चिडत. एक वडील तर स्कूटर स्टँडला लावायच्या आधीच ओरडायला लागले, "मॅडम, पोरगी खेळायला पाठवली आहे. दोऱ्या धरायला नाही!"

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "मग आज तुम्ही धरा. ती खेळेल."

आणि खरंच त्यांच्या हातात दोर दिला. गृहस्थ बँकेतले, टाय वगैरे. चारचौघांत नाही म्हणता येईना म्हणून धरला. थोड्या वेळाने तेच ओरडायला लागले, "अगं डावीकडे! डावीकडे मोकळं आहे, दिसत नाही का?" मॅडमनी माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवल्या. पुढे ते गृहस्थ रोज यायला लागले. मुलीने खेळणं सोडलं तरी येत होते.

हिरा भोये सुरगाण्याहून आली तेव्हा आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहत होती. बुटकी, पण उडी अशी की पाहणाऱ्याने मान वर करावी. तिच्या गावातही पोरं शूटिंगच खेळत. त्यामुळे पलीकडून चेंडू आला की ही दोन मुठी जोडून पहिल्याच फटक्यात तो परत हाणायची. व्हॉलीबॉलमध्ये आपल्या बाजूला तीन वेळा चेंडू खेळता येतो. पहिला घ्यायचा, दुसऱ्याने उचलायचा, तिसऱ्याने मारायचा. हिराला हे पटतच नसे.

"आपल्याकं आलेला चेंडू आपल्याकं ठेवायचाच कशाला, मॅडम? त्यांचा हाय, त्यांना देऊन टाकायचा."

बाकी मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "कारण तो एकदा आपल्याकडे आला की आपला झाला, हिरा. इतक्या लवकर परत देऊन टाकायची सवय कोणी लावली तुला?"

हे तिने ऐकून घेतलं, पण "आधी खांब हो" म्हटल्यावर ती सरळ म्हणाली, "मी नाय व्हायची. वसतिगृहात बी आम्हालाच उभं करत्यात. भांडी घासायला आम्ही, पाणी भरायला आम्ही. हितं बी आम्हीच उभ्या राहायचं?"

मी तिथेच होते. मला वाटलं आता मॅडम भडकणार. त्यांनी काय केलं, तर दोराचं दुसरं टोक स्वतः उचललं आणि समोर जाऊन हात वर करून उभ्या राहिल्या. देशाकडून खेळलेली बाई, तेव्हा चाळिशी उलटलेली. "मी या टोकाला आहे. तू त्या टोकाला राहा. जिचा हात आधी खाली येईल ती उद्या खेळणार नाही." पूर्ण संध्याकाळ त्या दोघी उभ्या होत्या. अंधार पडला, मुलींना चेंडू दिसेना, तेव्हा मीच ओरडले, की बाई गं, आता दोघी खाली करा हात. कोणाचा आधी खाली आला ते दोघींनीही कधी सांगितलं नाही. त्या दिवसापासून हिरा त्यांची झाली.

मॅडमना ज्युनियर संघाच्या कोचपदाचं बोलावणं आलं आणि हिराचीही शिबिरासाठी निवड झाली. पुढचं मला हिराने सांगितलं आहे, कारण मॅडमना स्वतःच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगायचा भयंकर कंटाळा. शिबिर दूरच्या एका शहरात, चकचकीत इनडोअर हॉलमध्ये. लाकडी जमीन, परदेशी नेट, खटका दाबला की खांब हवे तेवढे वर. मॅडमनी पहिल्याच दिवशी बॅगेतून आपला सुती दोर काढला.

संघात एक उंचपुरी मुलगी होती, फार गुणी, पण तिचे काका संघटनेत मोठ्या पदावर होते आणि तिला आजवर कोणी काही सांगितलं नव्हतं. तिचा खांब व्हायचा दिवस आला. ती झाली. खरं तर तिला ते आवडलंही. संध्याकाळी "काय दिसलं?" विचारल्यावर ती म्हणाली, "सब मुझे देखते हैं, बॉल को नहीं." हिरा सांगते, त्या उत्तरावर मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी तिला मिठी मारली. पण कोणीतरी ती दोर धरून उभी असतानाचा फोटो काढून काकांना पाठवला.

संघ स्पर्धेला गेला आणि पदक घेऊन आला. त्या उंच मुलीने इतकं शहाणपणाने खेळून दाखवलं की सगळे तिचंच नाव घेत होते. परत आल्यावर मॅडमना संघटनेच्या बैठकीला बोलावलं. हार घालायला बोलावलं असेल असं हिराला वाटलं. बैठकीत सांगितलं गेलं, की राष्ट्रीय खेळाडूला मजुरासारखं उभं करणं हा अपमान आहे. माफी मागा, पद तुमचंच राहील.

मॅडमनी विचारलं, "मुलीला विचारलंत? तिचा अपमान झाला का?"

मुलीला विचारायचा प्रश्न नव्हता म्हणे.

"मी गवंड्याची पोर आहे," मॅडम म्हणाल्या. "कितीतरी वर्षं खांब होते. तिथून इथपर्यंत आले. खांब होणं हा अपमान असेल, तर माझं सगळं आयुष्यच अपमान आहे. मग माफी तुम्ही मागायची, मी नाही."

आणि उठल्या. पद गेलं. नाशिकला आल्या तेव्हा स्टेशनवर मी घ्यायला गेले होते. मला रडू येत होतं, राग तर इतका येत होता की सांगता सोय नाही. मी म्हटलं, "एक शब्द बोलून टाकायचा ना मॅडम. तोंडदेखला. मुली तरी राहिल्या असत्या तुमच्याकडे."

"तोच शब्द मुलींनी ऐकला असता ना, भूगोल," त्या म्हणाल्या आणि दोराची पिशवी माझ्या हातात दिली.

मी पिशवी घेऊन रिक्षाकडे वळले. आज मात्र माझी समजूत अशी आहे, की त्यांनी माफी मागायला नको होती आणि त्यांना ती मागायला सांगणाऱ्यांना आजही झोप लागते याचा मला संताप येतो.

परदेशाचं काम त्यानंतर आलं. शेजारचा एक डोंगराळ देश, छोटासा. तिथल्या मुलींच्या संघाला कोच हवी होती आणि पदकवाली रिकामी बाई भारतात आहे हे त्यांना कळलं होतं. मॅडमनी शाळेतून रजा घेतली. चिटणीसांनी रजा देताना फार कुरकुर केली. बाई तिकडेच राहतील, परत येणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तिकडे गेले होते. भूगोलाच्या बाईला डोंगर बघायचेच होते. मैदान असं होतं की चेंडू सुटला तर दरीतच जायचा, आणि तो आणायला एक मुलगी कायम खालच्या वाटेवर उभी. खांब होते, पण मॅडमनी तिथेही दोरच काढला होता. भाषेचा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. इंग्रजी त्यांचं काम चालण्यापुरतं, तिथली भाषा त्याहून कमी. त्या मराठीतच ओरडत आणि मुलींना सगळं कळे. मी पोचले त्या दिवशी एका टोकाला दोर धरून एक लालबुंद गालांची मुलगी उभी होती. तिचा हात जरा खाली आला आणि मैदानावरच्या सगळ्या मुली एकसुरात ओरडल्या, "दोर वर!"

मी हसत हसत मटकन खालीच बसले. त्या डोंगरात, इतक्या लांब, नाशिकरोडच्या गवंड्याचे शब्द! "यांना अर्थ माहीत आहे का?" मी विचारलं.

"मी कधी सांगितला नाही," मॅडम म्हणाल्या. "पण हात तर वर जातोय ना?"

पुढे तो संघ आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या देशांसमोर खेळला. मी घरी टीव्हीवर सामना बघत होते. त्या हरायला लागल्या की मॅडम टाइम-आउट घेत आणि काही बोलत नसत. इतर कोच हातवारे करतात, पाटीवर बाण काढतात. या नुसता उजवा हात वर करून उभ्या राहत आणि मुली त्यांच्याकडे बघत पाणी पीत. समालोचकाला ते काय चाललंय कळेना. तो म्हणाला, बहुधा ही एखादी प्रार्थना असावी. मी एकटीच टीव्हीला सांगत बसले, अरे बाबा, प्रार्थना नाही ती. त्या दिवशी त्या मुली हरल्या, पण शेवटच्या सेटपर्यंत नेऊन हरल्या, आणि त्या देशात याआधी असं झालंच नव्हतं. विमानतळावर लोक फुलं घेऊन आले होते.

त्यांनी मॅडमना राहायचा आग्रह केला. मॅडम परत आल्या. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "तिकडचे खांब उभे राहिले. इकडे अजून कोण उभं आहे?"

मग आमच्या संस्थेला अचानक जाग आली. सत्काराचा कार्यक्रम, मांडव, शाल-श्रीफळ, आमदार. रजा देताना ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या तेच चिटणीस माइकवर सांगत होते, "या आमच्या संस्थेचं रत्न आहेत!" मॅडमनी शाल खांद्यावर पडायच्या आधीच हातात घेतली, घडी केली आणि परत चिटणीसांना दिली. "शाल नको," त्या म्हणाल्या, "मैदानाला दोन लोखंडी खांब द्या. पक्के. मुली दोर धरतील तो शिकायला. खेळायला खांब हवेत." आमदारांसमोर नाही कसं म्हणणार? खांब बसले. सिमेंटात, खोल. मॅडमना आयुष्यात मिळालेला खरा सन्मान म्हणजे ते दोन खांब. बाकी मेडल्स-बिडल्स त्यांच्या घरी कुठल्याशा डब्यात असतात, त्यात त्या बटणंही ठेवतात.

त्या खांबांवर किती मुली तयार झाल्या! मालेगावची लूमवर काम करणाऱ्याची मुलगी, सटाण्याच्या दोन बहिणी, शेजारच्या भाजीवाल्यांच्या पोरी. कोणी पोलिसात गेली, कोणी शिक्षिका झाली. हिरा आता स्वतः सुरगाण्यात कोच आहे. मॅडम निवृत्त झाल्या तरी पहाटे मैदानावर येतच राहिल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन आल्या. वॉकर सुटला, काठी आली.

म्हणून त्या सकाळी मला प्रश्न पडला, की आता काय?

मी बुंध्यांपाशी उभी होते तोवर मॅडम रिक्षातून उतरल्या. त्यांना कोणीतरी आधीच सांगितलं असावं. काठी टेकत आल्या, एका बुंध्यावर पायातला कॅनव्हासचा बूट ठेवून बघितलं, दुसऱ्याकडे नुसतं पाहिलं. मुली घोळक्याने उभ्या होत्या, काही रडकुंडीला आल्या होत्या. मला वाटलं, आता या खालीच बसतील. वय झालंय, किती वेळा कोणी किती उभं राहायचं? मला स्वतःलाच त्यांच्यासाठी थकल्यासारखं झालं.

"रडता कशाला?" त्या मुलींना म्हणाल्या. "आमच्याकडे तर बांबूसुद्धा नव्हते." मग पिशवीत हात घालून तो सुती दोर काढला. किती जुना झाला होता तो! नेट त्याच्यात ओवलं. एक टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि दुसरं माझ्यासमोर धरलं.

"मला काय देता?" मी म्हटलं. "या पोरी आहेत की. माझा खांदा आखडलाय, डॉक्टरांनी हात वर करू नका सांगितलंय."

"पोरी खेळतील. त्यांची स्पर्धा तोंडावर आहे. तुम्ही इतकी वर्षं खिडकीतून बघितलंत, भूगोल. आता जरा इथून बघा."

इतक्या वर्षांत मी मॅडमच्या मुलींचे डबे सांभाळले, साड्या सांभाळल्या, तिकिटं काढली. दोर कधी धरला नव्हता. मी पायाशी दोन विटा ओढल्या, आखडलेला हात सोडून दुसरा वर केला आणि समोर बघितलं. मधे ताणलेलं नेट, पलीकडच्या टोकाला त्या, काठी बाजूला टाकून, हात वर.

तासाभराने चिटणीस आले, टर्फवाल्याला घेऊन. फाटकाशी टेम्पोत प्लास्टिकच्या गवताच्या हिरव्या गुंडाळ्या होत्या. चिटणीसांनी आधी घसा साफ केला. "मॅडम, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण मैदान आता रिकामं करावं लागेल. आपण एक जेवणाचा कार्यक्रम करू, तुमचा निरोप..."

"रिकामंच आहे की," मॅडम म्हणाल्या. आवाज तोच, माझ्या वर्गात यायचा तोच. "खांब तुम्ही नेलेत. इथे आहे काय? दोन म्हाताऱ्या हात वर करून उभ्या आहेत. त्याला कोणाची परवानगी लागते?"

"असं किती दिवस उभ्या राहणार?"

"ते मी मोजत नाही."

टर्फवाला पुढे झाला, तरुण होता, बोलायला गोड. "मावशी, उन्हात त्रास होईल तुम्हाला."

"होऊ दे. तुझी आई कुठल्या गावची?"

"विंचूरची," तो गोंधळून म्हणाला.

"तिला उद्या घेऊन ये. हिचा हात दुखायला लागला की ती धरेल."

मुली फिसकन हसल्या. तो पोरगाही हसला आणि मग चिटणीसांकडे बघून त्याने हसू गिळलं. तेवढ्यात फाटकातून एक काठी टेकणारे गृहस्थ आत आले. स्कूटरवाले, बँकेतले, आता टाय नव्हता. ते काही न बोलता येऊन माझ्या मागे उभे राहिले. रांगेत उभं राहावं तसे. त्यांच्या मागे भाजीवाल्याची बायको आली, हातातली मेथीची जुडी तिने मुलीच्या बॅगेवर ठेवली आणि तीही उभी राहिली. चिटणीसांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. उपटून टाकायला त्यांना काही सापडेना.

उद्या काय होईल ते मला माहीत नाही. कोर्टकचेरी होईल, पोलीस येतील, कदाचित ते गवत अंथरलंही जाईल. हे लिहिताना त्या गुंडाळ्या फाटकाशीच पडल्या आहेत आणि आम्ही रोज सकाळी उभ्या राहतो आहोत. पण मॅडम म्हटलं की यापुढे मला ना पदक आठवेल, ना तो डोंगराळ देश. त्या पहिल्या सकाळचंच सगळं आठवेल. ऊन चढलेलं होतं. माझ्या समोर सगळं मैदान उघडं पडलं होतं, दोन्ही बाजू. डावीकडची पोरगी घाबरलेली, उजवीकडची नुसताच जोर लावणारी, मधली एक बारकी चेंडू यायच्या आधीच हललेली. मला दिसत होतं! आयुष्यभर ज्या खेळातलं मला काही कळलं नाही तो खेळ मला दिसत होता, आणि त्या आनंदात माझा हात कधी खाली आला ते मला कळलंच नाही.

पलीकडच्या टोकाकडून आवाज आला.

"ओ भूगोल! दोर वर!"

मी हात वर केला.